एकोणसत्तरच्या आत

वडगाव रासाई
४ जुलै २०२५

चि. सम्राट यास,
ताईचा सप्रेम जय भीम.

हातात फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणणार. अरे, फोनवर मी रडते, तू ओरडतोस, आणि शेवटी ‘जेवलीस का’, ‘जेवलास का’ विचारून दोघंही फोन ठेवून देतो. गेल्या महिन्यात तीनदा तेच झालं. पत्रात रडून उपयोग नाही, शाई पसरते. तुलाही ओरडता येणार नाही. शिवाय आठवड्यातून तीन दिवस तू दौंडला डायलिसिसच्या मशिनला चार-चार तास पडून असतोस. उजवा हात मोकळा असतो, तो कामाला लागू दे.

पुण्याचे डॉक्टर काय म्हणाले ते आधी लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणी शब्द फिरवायला नको. आईला शुगर, तुझ्या सुरेखाचा रक्तगट जुळत नाही, माझा जुळला. बाकी तपासण्या पुढे होतील. पण माझ्या उंचीला वजन एकोणसत्तर किलोच्या आत आल्याशिवाय ते माझी किडनी काढणार नाहीत. पुढे एकाच किडनीवर राहायचं तर अंग हलकं हवं, असं त्यांचं म्हणणं. बाहेर आल्यावर जिन्यात तू म्हणालास, “ठीक हाय ताई. एकोणसत्तर कर, मग बघू.” जिन्यात म्हणालास तरी ते म्हणणंच झालं. सुरेखा साक्षीला आहे.

तुझ्या दाजींनी ऑनलाइन काचेचा काटा मागवला. मंगळवारी, १ तारखेला सकाळी ७६.४ भरले. बुधवारी ७५.९. मी खूश. गुरुवारी ७६.८! बुधवारी दिवसभरात दीड भाकरी, शेपूची भाजी आणि ताक, एवढंच पोटात गेलेलं. त्यातून माणूस नऊशे ग्रॅमनं कसं वाढतं? आज ७६.१. काटा बिघडला असेल म्हणून त्यावर पाच किलोची पिठाची पिशवी ठेवली. बरोबर पाच दाखवले. म्हणजे बिघाड माझ्यातच आहे.

वीस वर्षं अंगणवाडीत पोरांची वजनं घेतेय. आकडा वाढला की मी हसते, घटला की आईला बोलावणं पाठवते. आता स्वतःचं घटावं म्हणून काट्यावर उभी राहते. आकडा खाली दिसला की आधी कुणाच्या आईला बोलवायचं ते शोधते, मग आठवतं की अगं, आपल्याला आनंद करायचाय. तू दोन वर्षं काट्यावर चढतोयस. तुला त्यातलं कळतं. मला समजावून सांग.

पाणी मोजून पितोस ना?

तुझी
करुणाताई


यवत
९ जुलै २०२५

ती. ताईस,
जय भीम.

पत्ता यवतचा टाकलाय, पण लिहितोय दौंडहून. डाव्या हाताला दोन सुया आहेत, पॅड मांडीवर आहे. अक्षर वाकडं आलं तर मशिनला दोष दे.

तुझं पत्र वाचून शेजारच्या खाटेवरचे सोपानराव विचारायला लागले, काय हसताय? मी म्हटलं, आमच्या बहिणीनं पिठाच्या पिशवीला साक्षीला बोलावलंय. अगं, चार दिवसांत कुणाचं काय होतं? अंगणवाडीतला उरलेला उपमा पातेल्याला चिकटलेला तू खरवडून खातेस, ते मला माहीत नाही का? तुझं वजन हे त्या पातेल्याचं आहे.

आता चेष्टा बाजूला. काट्याच्या बाबतीत मी मुरलेला माणूस आहे, ऐक. रोज वजन करायचं, एक दिवसही चुकवायचं नाही. सकाळी एकदा आणि संध्याकाळी जेवण झाल्यावर एकदा. दोन्ही आकडे वहीत उतरवायचे आणि मला कळवायचे. आकडा वाढला तर आदल्या दिवशी काय चुकलं ते शोधून काढायचं. सूट द्यायची नाही स्वतःला.

आणि भाकरी कमी कर. त्याऐवजी सुकट खा. तेल नाही, तूप नाही, सगळी ताकद. तुला आवडतंही. पप्पूच्या जीपमधून अर्धा किलो पाठवतोय. सुरेखाला यातलं काही बोलू नको, मी बाजारात फिरतो म्हटलं की ती डोकं खाते.

मोटार रिवाइंडिंगचं दुकान मी आता मंगळवार, गुरुवार, शनिवारच उघडतो. मशिनवर आलो तेव्हा दोन किलो आठशे वाढलो होतो. चार तासांनी तेवढाच उतरून घरी जाईन. स्नेहल अकरावीला गेली. पोरगी कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात घालून झोपते.

तुझा
सम्राट


वडगाव रासाई
२६ जुलै २०२५

चि. सम्राट यास,
सप्रेम जय भीम.

तुझं सगळं ऐकलं आणि पूर्ण गोंधळून गेले.

सकाळी ७५.२, संध्याकाळी ७६.३. दुसऱ्या दिवशी सकाळी ७५.६. म्हणजे दिवसात किलोभर चढते आणि झोपेत उतरते. झोपेत मी करते काय? आषाढी पौर्णिमेला विहारात वर्षावास सुरू झाला, तेव्हा मी उपोसथ धरला होता. दुपारी बारानंतर अन्नाचा कण नाही. सकाळी काट्यावर ७४.६! मला वाटलं, जमलं, असे पाच उपोसथ धरले की सुटले. तिसऱ्या दिवशी ७५.९. उपाशी राहिले ते कुणाच्या अंगाला लागलं?

परवा तर हद्द झाली. काट्यावरून उतरले, एक तांब्या पाणी प्यायले, पुन्हा चढले. पाऊण किलो जास्त. धुरपदाला सांगितलं. ती आमची मदतनीस, पोरांना खाऊ वाढते आणि मला अक्कल. ती म्हणाली, “बाई, पानी प्यालं की पान्याचं वजन व्हनारच की. त्यात काय इशेष? उगा सारखं काट्यावर नाचू नगा.” तिचं बरोबर वाटलं. पण मग तू रोज दोनदा करायला सांगतोस, तेही बरोबर असणार, कारण तू दोन वर्षं यातून चाललायस. कुणाचं ऐकू?

मला एक सांग. तुझे पावणेतीन किलो चार तासांत उतरतात, ते नेमकं काय उतरतं? आणि माझंही तसलंच काही चढत-उतरत असेल का? तू लिहिलंस तसं रोज ‘काय चुकलं’ ते शोधते. सोमवारी चहा चुकला असं ठरवलं, चहा सोडला. मंगळवारी वाढलंच. मग केळं चुकलं. मग म्हटलं, उभं राहायला चुकलं असेल, एका पायावर जास्त भार आला असेल. दाजींनी काटा फरशीवर तीन ठिकाणी ठेवून दिला. तिन्ही ठिकाणी तेच.

सुकट मात्र झकास होतं. संपलं. रोज सकाळी नदीपर्यंत चालून येते. उभी राहून पलीकडे बघते. पलीकडे तुझा तालुका. पत्र तिकडे पोचायला चार दिवस लागतात, हे पोस्टमन सोडून कुणालाच पटत नाही.

तुझी
ताई


यवत
१ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
जय भीम.

तू फार खोलात शिरतेस. वजन म्हणजे वजन. आकडा काय सांगतो ते बघायचं, बाकी शास्त्र डॉक्टरांना करू दे.

आकडे बघितले. खरं सांगू? महिना होत आला आणि तू आहेस तिथेच फिरतेयस. तुझा दोष नाही. काही काही अंगंच तशी असतात. आपली आई आठव, आयुष्यभर रानात राबली, पण कधी बारीक दिसली? चव्वेचाळीसाव्या वर्षी अंगाला नवीन सवय लावायची म्हणजे जुनी मोटार नव्या तारेनं भरण्यासारखं आहे. मी भरतो, पण गिऱ्हाइकाला आधीच सांगतो की गॅरंटी नाही.

मनाला लावून घेऊ नको एवढंच सांगायचंय. जमलं तर जमलं. नाही जमलं तर ताई, कुणी तुला बोट दाखवणार नाही. मी तर नाहीच.

सुकट पुन्हा पाठवतोय, या वेळी किलोभर. पप्पू रविवारी येईल.

या आठवड्यात मला बरं नव्हतं. पाय सुजले होते. दिवसाला पाऊण लिटर पाणी, त्यातच चहा, त्यातच गोळ्या. सुरेखा मापाची बाटली भरून देते आणि दिवसभर तिच्याकडे बघत बसते, माझ्याकडे नाही. आता उतार आहे.

वजनाचं कळवत राहा. रोजचं.

तुझा
सम्राट


वडगाव रासाई
२५ ऑगस्ट २०२५

चि. सम्राट यास,
जय भीम.

आज सकाळी ७४.८.

गुरुवारी ७२.९ होते. दाजींना उठवून दाखवलं. ते डोळे चोळत म्हणाले, “आगं, लई भारी!” आणि मी वेड्यासारखी अंगणवाडीत पोरांना दोन-दोन राजगिऱ्याचे लाडू वाटले. त्यानंतर चार दिवस एक भाकरी, सुकट, काकडी, आणि दोन वेळा चालणं. चार दिवसांत जवळपास दोन किलो वाढले. १ ऑगस्टला ७४.३ होते. म्हणजे सगळा महिना घालवून अर्धा किलो वरच.

काट्यावर बसूनच रडले. बसल्यावरही तेवढंच दाखवत होता.

दाजी म्हणाले, “एवढं काय त्यात, हुईल की.” मी त्यांच्यावर अशी तडकले की ते डबा न घेता कंपनीत गेले. ज्या माणसानं काटा आणून दिला, त्याच्यावरच! संध्याकाळी त्यांनी समोसे आणले, समजूत काढायला. समोसे! मी हसले की रडले, माझं मलाच कळलं नाही.

आजच दुपारी अंगणवाडीत वस्तीवरच्या पृथ्वीराजला त्याची आई घेऊन आली. तीन वर्षांचं पोर, जुलाब होऊन गेले, चारशे ग्रॅम घटलं. बाई रडायलाच लागली. मी तिला म्हटलं, “आगं, येका वजनावर जाऊ नगं. आजारात पानी जातं अंगातलं. पुढच्या महिन्याला बघू, मग ठरवू.” ती डोळे पुसून गेली. मी आपली खुर्चीवर बसून वहीत ७४.८ लिहिलं आणि तिथेच पेन टेकवून बसले. काहीतरी डोक्यात येत होतं, पण आलं नाही.

सम्राट, मी थकले. भूक लागते त्याचं काही नाही, चालून गुडघा दुखतो त्याचंही काही नाही. पण रोज दोनदा तो काटा मला सांगतो की तुझ्याच्यानं भावाला वाचवणं होणार नाही. सकाळी सांगतो आणि संध्याकाळी पुन्हा सांगतो. तुझे पाय सुजले वाचल्यापासून तर काट्यावर चढायचीच भीती वाटते.

तू सांग. सोडू का?

तुझी
ताई


यवत
२९ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
जय भीम.

सोड.

तू खूप केलंस. यापुढे काट्यावर चढू नको. मी पुण्याला यादीत नाव लावलंय. कुणा गेलेल्या माणसाची किडनी मिळते तशी. नंबर कधी लागेल ते सांगत नाहीत, पण लागतो. सोपानरावांच्या मेव्हण्याला लागला होता.

भाकरी पोटभर खा. दाजींना समोसे आणू दे.

तुझा
सम्राट


वडगाव रासाई
१४ सप्टेंबर २०२५

सम्राट,

जय भीम. आजच्या पत्राला चिरंजीव वगैरे काही लावत नाही.

शुक्रवारी मी यवतला येऊन गेले. तू दौंडला गेल्यावर मुद्दाम आले, कारण तू समोर असलास की मला रडू येतं. सुरेखाला सांगायचं होतं की माझ्याच्यानं झालं नाही, मला माफ कर. ती स्वयंपाक करत होती. बोलता बोलता मी म्हटलं, भाकरी सोडली, नुसत्या सुकटावर राहिले, तरी वजन वाढतच गेलं. तिच्या हातातली पळी थांबली.

“सुकट? अवो वन्सं, कुनी सांगितलं तुमाला सुकट? खारं खाल्लं की अंगात पानी साठतं. ह्यांनी मागं येकदा चोरून खाल्लं, तर दोन दिसांत चार किलो चढले. तवापासनं आमच्या घरात सुकटाला बंदी हाय. डॉक्टरनी ह्यांना पैल्याच दिवशी पाठ करून घेतलंय.”

मी म्हटलं, तुझ्या नवऱ्यानंच पाठवलं. अर्धा किलो, मग एक किलो.

तिनं गॅस बंद केला आणि मला फ्रिजपुढे नेलं.

तुमच्या फ्रिजवर डायलिसिसवाल्यांच्या सूचनांचा कागद चिकटवलाय. दोन वर्षांत मी तो कधी वाचला नव्हता. शुक्रवारी उभी राहून वाचला. ‘दोन दिवसांतली वजनातली वाढ म्हणजे पाणी. मीठ टाळा. वजन रोज एकाच वेळी, सकाळी, उपाशी पोटी करा.’ त्याखाली तुझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘एका आकड्याला घाबरायचं नाही, महिन्याचं बघायचं.’

मी तुला जुलैमध्ये सरळ विचारलं होतं की काय उतरतं ते सांग. तू म्हणालास, फार खोलात शिरू नको.

घरी येऊन वही उघडली. दोन महिन्यांचे सव्वाशे आकडे, कोंबडीनं पाय उमटवल्यासारखे. मग एकदम पृथ्वीराजची आई आठवली. वीस वर्षं मी पोरांना महिन्यातून एकदा काट्यावर ठेवते. रोज ठेवलं तर प्रत्येक आई वेडी होईल. आणि मी स्वतःला रोज दोनदा ठेवत होते, तू सांगितलंस म्हणून! सगळे आकडे खोडले. प्रत्येक महिन्याच्या एक तारखेची सकाळ तेवढी ठेवली. १ जुलै ७६.४. १ ऑगस्ट ७४.३. १ सप्टेंबर ७२.५.

चार किलो, सम्राट. थोडे कमी. जेव्हा मी काट्यावर बसून रडत होते, तेव्हाही उतरत होते.

मला फक्त एवढंच कळत नाही की तू असं का केलंस. माझी किडनी नको तर नको म्हणायचं होतंस तोंडावर. मला माझ्याच अंगावर संशय घ्यायला लावलास. तुला माझ्यावर एवढा राग कसला आहे?

करुणा


यवत
२२ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
जय भीम.

दहा दिवस सुरेखा माझ्याशी बोललेली नाही. पाण्याची बाटली भरून ठेवते, तेवढंच. स्नेहलनं विचारलं, आत्यानं काय केलं? मी म्हटलं, आत्यानं काही केलेलं नाही.

जिन्यात मी ‘मग बघू’ म्हणालो ते विषय संपवायला. मला वाटलं, ताई आणि सात किलो? शक्यच नाही. मग तुझं पहिलं पत्र आलं, आणि मला कळलं की तू ऐकणार नाहीस. डायलिसिस सुरू झालं तेव्हा मीही रोजच्या आकड्यांनी अर्धा वेडा झालो होतो. काट्याला लाथ मारून फोडला होता. त्या वेळी सिस्टरनी समजावलं, म्हणून फ्रिजवरची ती ओळ. तीच तुला सांगायला हवी होती. मी बरोबर उलटं सांगितलं. वाटलं, आठ-पंधरा दिवसांत तूच कंटाळशील, आणि नाही म्हणायचं माझ्यावर येणार नाही. सुकट पहिल्यांदा पाठवलं तेव्हा थोडी गंमतच वाटली. दुसऱ्यांदा पाठवलं तेव्हा वाटली नाही, तरी पाठवलं.

राग नाही गं. तुला आठवतं का, मी पाबळला शिकायला गेलो त्या वर्षी तुझा डी.एड.चा नंबर लागला होता. दोघांचं जमणार नव्हतं. तू आप्पांना म्हणालीस, मला मास्तरीण व्हायचंच नाही. मी सोळा वर्षांचा होतो, मी खरं मानलं. खरं मानणं सोयीचं होतं. मशिनवर पडलं की हेच आठवतं. एकदा तुझ्या वाट्याचं घेऊन बसलोय. आता तुझ्या पोटातलं घेऊ? उद्या तुला काही झालं तर दाजींना कुठल्या तोंडानं भेटू?

इथपर्यंत सगळं बरं आहे, चांगल्या भावासारखं. पुढचं लिहायला नको वाटतं, पण आता काही लपवायचं नाही. तुझ्या पत्रात आकडा वाढलेला दिसला की मला हायसं वाटायचं. आणि घटलेला दिसला, ते ७२.९ दिसलं ना, त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी मशिनवर पडल्या पडल्या हिशेबच केला, अजून चार किलो, मग मी सुटलो, स्नेहलच्या बारावीला मी चालत जाईन, पोटभर पाणी पिईन. आणि त्याच पत्राला मी ‘सोड’ म्हणून उत्तर लिहिलं. स्वतःच्या बहिणीच्या अंगातला तुकडा मिळणार म्हणून खूश होणारा माणूस कसला? त्या आनंदाची मला लाज वाटते. मला काय हवंय तेच मला समजत नाही, ताई. नको म्हणतो तेही खरं, आणि हवं वाटतं तेही खरं.

हवं तर उत्तर देऊ नको.

सम्राट


वडगाव रासाई
४ नोव्हेंबर २०२५

चि. सम्राट यास,
ताईचा सप्रेम जय भीम.

सव्वा महिना उत्तर दिलं नाही. पहिले पंधरा दिवस रागानं दिलं नाही, नंतरचे मुद्दाम.

काचेचा काटा मी त्याच आठवड्यात माळ्यावर टाकला. दाजींना म्हटलं, मी पाया पडले तरी खाली काढायचा नाही. आमच्याकडे महिन्याच्या सुरुवातीला पोरांची वजनं होतात. १ ऑक्टोबरला सगळी पोरं झाल्यावर धुरपदा म्हणाली, “आता ऱ्हायलं कोन? तुमीच. चढा.” मी अंगणवाडीतल्या गरोदर बायांच्या काट्यावर चढले. ७०.३. पोरांच्या यादीखाली धुरपदानं माझं नाव घातलं, ‘करुणा, वय चव्वेचाळीस वर्षे’. मधले तीस दिवस मी काही बघितलं नाही. भूक लागली तर जेवले, नदीपर्यंत चालले, आणि मध्येच कधी घाबरले की पृथ्वीराजच्या आईला सांगते तेच स्वतःला सांगितलं. त्याचे घटलेले चारशे ग्रॅम भरून आणखी दोनशे आलेत, बरं का.

शनिवारी, १ तारखेला, पुन्हा चढले. ६८.६.

धुरपदानं तीनदा वाचला आकडा, मग तोंडात पदर धरून उभी राहिली. मी पोरांच्या वाढीचा एक कोरा तक्ता काढला आणि पाच महिन्यांचे पाच ठिपके दिले. रेघ उतरत गेली. वीस वर्षांत उतरती रेघ बघून मला कधी झोप लागलेली नाही. मग कागद उलटा धरला. रेघ वर चढली. तसाच उलटा माझ्या खुर्चीमागे चिकटवलाय. पर्यवेक्षिका आल्या की विचारतील, हे कुठलं पोर.

आता तुझ्या पत्राचं. डी.एड.चं तू म्हणतोस ते खरं आहे. मी आप्पांशी खोटं बोलले, मला मास्तरीण व्हायचं होतं. पण ते मी दिलं होतं, तू घेतलं नव्हतंस. दोन्हींत फरक आहे, आणि दिलेल्याची आठवण ठेवून मी कधी तुझ्या दारात आले नाही. दाजींची काळजी करू नको. त्यांनी कंपनीत महिन्याची रजा आधीच टाकलीय.

तू लिहिलंस की माझा आकडा उतरला की तुला आनंद व्हायचा, आणि त्याची लाज वाटते. ते वाक्य मी किती वेळा वाचलं ते विचारू नको. अरे वेड्या, दोन वर्षं मी तुझ्या तोंडून तेवढंच ऐकायला थांबले होते. जो तो विचारतो, सम्राट कसा आहे, आणि तू सगळ्यांना ‘चाललंय’ म्हणतोस. मला वाटायचं, ह्याला जगायचंच नसेल तर मी कुणासाठी चालतेय नदीपर्यंत? तुला पोटभर पाणी प्यायचंय हे मला तुझ्या पत्रातून कळलं. त्याच दिवशी मी काटा माळ्यावर टाकला.

पुढच्या गुरुवारी, १३ तारखेला, पुण्याला आपली वेळ घेतलीय. सुरेखाला माहीत आहे. आम्ही दोघींनी मिळून फोन केला. दोघांनीही उपाशी पोटी यायचंय. अजून तपासण्या आहेत, त्यात काय निघेल ते निघेल. त्याचीही भीती वाटते, नाही कशाला म्हणू? पण ती आता आपल्या दोघांची भीती आहे.

मी पहाटेच्या गाडीनं निघते. सात वाजता यवतच्या स्टँडवर उभा राहा. तिथे तुला बघून मी रडणार आणि तू ओरडणार, ते होऊ दे.

तुझी
ताई

ता. क. तू दुसऱ्यांदा पाठवलेल्या सुकटातलं अर्धं अजून डब्यात आहे. येताना घेऊन येते, तुझ्या समोर मांजराला घालणार आहे.